सर्व्हर कोणामुळे रखडतो?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या चिटणीसांनी मला बोलावले तेव्हा विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. शिक्षणाचे महत्त्व, मुलींचे शिक्षण, स्पर्धा परीक्षा या विषयांवर या व्यासपीठावरून अनेक विद्वानांनी आपणांस मार्गदर्शन केलेले आहे. त्यात भर घालण्याइतका माझा अधिकार नाही. माझा व्यवसाय डेटाबेस सांभाळण्याचा आहे. तेव्हा जे काम मी रोज करतो त्यातीलच एक गोष्ट आपल्यापुढे मांडावी असे मी ठरविले. विषय थोडा तांत्रिक आहे. परंतु ज्या पालकाने मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी भरला असेल आणि पडद्यावरचे चक्र नुसतेच फिरताना पाहिले असेल, त्याचा या विषयाशी जवळचा संबंध आलेला आहे. अशा वेळी खिडकीतून एकच उत्तर मिळते, "सर्व्हर डाऊन आहे." पुष्कळदा सर्व्हर बंद पडलेला नसतो. तो कामात बुडालेला असतो. कोणाच्या कामात बुडालेला आहे, हे शोधून कसे काढतात, ते आज सांगावयाचे आहे.

प्रथम दोन-तीन शब्द समजून घेऊ. आपल्या शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर असते. प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद त्यात क्रमांकाने होते, आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच दिला जातो. डेटाबेस म्हणजे अशा अनेक रजिस्टरांचे कपाट. सर्व्हर म्हणजे ते कपाट सांभाळणारा संगणक. आणि क्वेरी म्हणजे त्या कपाटापुढे जाऊन विचारलेला प्रश्न: "जनरल रजिस्टर नंबर ४५१२ चा विद्यार्थी कोण?" हा एक प्रश्न झाला. "ज्यांची फी बाकी आहे अशा नववीच्या विद्यार्थ्यांची यादी द्या" हा दुसरा.

आता पाहा. नंबर सांगितला तर लिपिक थेट ते पान उघडतो, कारण रजिस्टर नंबराच्या क्रमानेच लिहिलेले आहे. परंतु एखादे गृहस्थ आले आणि म्हणाले, "नंबर आठवत नाही, साल आठवत नाही, जन्मतारीख मात्र १२ जून आहे," तर त्या बिचाऱ्याला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवावे लागेल. शोधायची नोंद एकच, पण वाचाव्या लागतात सगळ्या. संगणकातही हुबेहूब असेच घडते. जन्मतारखेच्या क्रमाने लावलेली वेगळी सूची केलेली असेल तर हे कष्ट वाचतात. या सूचीला इंडेक्स म्हणतात. आज बहुतेक डेटाबेसमध्ये जी इंडेक्सची रचना वापरली जाते ती रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट या दोघांनी मांडली. त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. लाखो नोंदींतून हवी ती नोंद या रचनेमुळे तीन-चार पायऱ्यांत सापडते.

सामायिक हा शब्दही महत्त्वाचा आहे. आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या पायावर आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत. त्या निबंधाच्या शीर्षकातच 'मोठे सामायिक माहितीसाठे' असे शब्द आहेत. म्हणजे अनेकांनी मिळून एकच साठा वापरावा ही कल्पना नंतर चिकटविलेली नाही, ती मुळापासूनची आहे. लहान संस्थांना तर ती फार सोयीची. चार शाळांनी मिळून एक सर्व्हर भाड्याने घेतला, सांभाळणारा एक माणूस नेमला, की प्रत्येकीचा खर्च चौथाईवर येतो. मात्र सामायिक नळाचे जे होते तेच येथेही होते. पाणी कमी आले की प्रत्येकाला वाटते, शेजाऱ्याने मोठी टाकी बसवली असावी.

असाच एक प्रसंग माझ्या पाहण्यात आला. कोणाचेही नाव घेण्याचे कारण नाही. चार शिक्षणसंस्थांचा मिळून एक सर्व्हर होता आणि चौघींचा कारभार एकाच प्रोग्रामवर चालत असे. दोन वर्षे सुरळीत चालले. पुढे सकाळी दहा ते बारा या वेळात सर्व काही रेंगाळू लागले. हजेरी भरायला वेळ, पावती काढायला वेळ. प्रवेशाच्या हंगामात तर अर्जच पुढे सरकेनात. चौघींची बैठक बसली. तिघींचे मत झाले की चौथी संस्था, जी मुलींचे कॉलेज चालवीत होती, तिच्यामुळे हे घडते आहे. पुरावा? त्या संस्थेने आपले जुने रेकॉर्ड नुकतेच संगणकावर चढविले होते, त्यामुळे तिची माहिती सर्वांत जास्त होती. शिवाय सर्व्हरवर मंद क्वेरींची जी नोंदवही असते, ती काढून पाहिली तर तिच्यात जवळजवळ प्रत्येक दिवशी त्याच संस्थेचे नाव. लेखी पुरावाच मिळाला! ठराव पुढे आला की त्या संस्थेने आपला वेगळा सर्व्हर घ्यावा.

त्या संस्थेला तो खर्च झेपणारा नव्हता. वेगळे व्हावे लागले असते तर तिने ऑनलाइन अर्जाची सोयच बंद केली असती, आणि आसपासच्या गावांतील मुलींना एका अर्जासाठी पुन्हा दोन-दोन फेऱ्या पडल्या असत्या. ज्या घरांत मुलीला एकदा पाठविणेच कठीण असते तेथे दुसऱ्या फेरीचा अर्थ काय होतो, हे या सभागृहात मी सांगण्याची गरज नाही. ठराव मंजूर करण्यापूर्वी एकदा नीट तपास व्हावा असे एका वयस्क सभासदांनी सुचविले, आणि तो तपास माझ्याकडे आला.

अशा तपासात पहिला प्रश्न क्वेरींचा नसतोच. आपल्यापैकी ज्यांचा यंत्रमागाशी संबंध आहे त्यांना हे लगेच पटेल. एक माग अडला तर कारागीर त्या मागाकडे जातो. परंतु सगळेच माग एकदम मंदावले तर तो आधी विजेकडे पाहतो. तसे आधी सर्व्हरकडे पाहावे. त्याचा प्रोसेसर पूर्ण कामात आहे, की तो मोकळा बसून डिस्कची वाट पाहतो आहे? त्याच वेळी बॅकअप तर चालू नाही? मेमरी पुरते का? आणि मुळात सर्व्हर मंद आहे, की शाळेतील इंटरनेटची जोडणी? हे पाच-दहा मिनिटांचे काम असते, पण ते टाळून पुढे गेल्यामुळे लोकांनी आठवडे वाया घालविलेले आहेत. आमच्या बाबतीत प्रोसेसर सकाळी जवळजवळ पूर्ण भरलेला दिसला, बॅकअप पहाटेच उरकत होता, जोडणीही ठीक होती. म्हणजे प्रश्न क्वेरींचाच होता.

मग ती नोंदवही पाहू. मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस १९९५ सालापासून आहे आणि लहान-मोठ्या असंख्य संस्था तो वापरतात. त्यात स्लो क्वेरी लॉग नावाची सोय आहे. ती आपोआप चालू नसते, चालू करावी लागते; आणि चालू केली तरी तिची मूळ मर्यादा १० सेकंदांची असते. ज्या क्वेरीला १० सेकंदांहून अधिक वेळ लागेल तीच तेवढी या वहीत लिहिली जाते. आता विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबून विचार करावा. या वहीत काय येणार नाही?

समजा, एक अहवाल आहे. तो काढायला ४० सेकंद लागतात आणि तो दिवसातून एकदाच निघतो. दुसरी एक किरकोळ क्वेरी आहे. तिला सेकंदाचा विसावा भाग, म्हणजे ०.०५ सेकंद लागतो, पण ती दिवसातून एक लाख वेळा येते. पहिलीने दिवसभरात सर्व्हरचे ४० सेकंद घेतले. दुसरीने किती? ५,००० सेकंद. म्हणजे एक तास तेवीस मिनिटे. आणि वहीत नाव कोणाचे येणार? पहिलीचे. दुसरीचे नाव वर्षानुवर्षे येणार नाही, कारण कोणत्याही एका वेळी तिने १० सेकंदांची मर्यादा ओलांडलेलीच नसते.

आमच्या बैठकीत नेमके हेच झाले होते. वहीत त्या कॉलेजचे नाव खरेच होते, खोटे कोणी लिहिले नव्हते. परंतु त्या प्रत्येक नोंदीपुढे वेळही लिहिलेली होती आणि ती कोणी वाचली नव्हती. तो अहवाल रात्री एक वाजता आपोआप निघत असे. रात्री एक वाजता चाललेल्या अहवालाने सकाळी दहा वाजता हजेरी कशी अडविली असेल? शिवाय या वहीत प्रत्येक क्वेरीपुढे आणखीही बरेच लिहिलेले असते: किती वेळ लागला, कुलपासाठी किती थांबावे लागले, किती नोंदी तपासल्या आणि किती नोंदी उत्तर म्हणून दिल्या. शेवटच्या दोन आकड्यांची तुलना मी सर्वांत आधी पाहतो. पन्नास हजार नोंदी तपासून पन्नास हजारांचा अहवाल दिला तर त्यात लिपिकाचा दोष नाही, कामच तेवढे आहे. पाच लाख नोंदी तपासून एक नोंद दिली तर मात्र कोठेतरी सूची करावयाची राहून गेली आहे.

म्हणून आम्ही मर्यादा खाली आणली. ती शून्य केली तर प्रत्येक क्वेरी नोंदली जाते. हे दिवसभर चालू ठेवता येत नाही, कारण वही भराभर फुगते आणि डिस्क भरून सर्व्हर खरोखरच बंद पडण्याची भीती असते. गर्दीच्या वेळी अर्धा तास पुरे. एक बारीक गोष्ट अशी की, ही मर्यादा चालू सर्व्हरवर बदलली तर ती नव्याने जोडल्या जाणाऱ्यांनाच लागू होते. आधीपासून जोडून बसलेल्या प्रोग्रामांना जुनीच मर्यादा राहते. हे माहीत नसले तर माणूस अर्धा तास वही भरण्याची वाट पाहतो आणि "काहीच मंद नाही" असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

अर्ध्या तासात हजारो ओळी जमल्या. त्या वाचायच्या कशा? प्रत्येक ओळ वेगळी दिसते, कारण एका क्वेरीत विद्यार्थी क्रमांक ४५१२ आहे तर दुसरीत ४५१३. परंतु प्रश्न एकच आहे. म्हणून आधी आकडे आणि नावे काढून टाकून क्वेरीचा सांगाडा तेवढा ठेवायचा, एकसारखे सांगाडे एकत्र करायचे, आणि प्रत्येक सांगाड्यापुढे मांडायचे: किती वेळा आला आणि एकूण किती वेळ घेतला. मायएसक्यूएलबरोबर यासाठी एक लहानसे साधन मिळते. पर्कोना कंपनीचे पीटी-क्वेरी-डायजेस्ट नावाचे साधन अधिक तपशील देते आणि एकूण वेळेच्या उतरत्या क्रमाने यादी लावून देते. २०१३ सालापासून, म्हणजे मायएसक्यूएलच्या ५.६ या आवृत्तीपासून, सर्व्हर स्वतःच हा हिशेब आपल्या पोटात ठेवतो आणि पुढच्या आवृत्तीत तो सहज वाचता येईल अशा तक्त्यांची सोयही आली. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हा जोडभाग २००९ सालापासून आहे आणि २०१२ पासून तोही असे सांगाडे करून मोजतो. कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या वापरकर्त्याने, किती वेळा, एकूण किती वेळ, सर्व काही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्वेरी स्टोअर ही सोय २०१६ साली आली. साधन कोणतेही घ्या, हिशेबाचे तत्त्व एकच.

हे आकडे सर्व्हर सुरू झाल्यापासूनचे किंवा शेवटी शून्य केल्यापासूनचे साठत आलेले असतात. वीज मीटरसारखे. मीटरवर आज काय आकडा आहे हे पाहून या महिन्याचे बिल कळत नाही. मागचा आकडा वजा करावा लागतो. तसेच दहा वाजता एकदा आणि बारा वाजता एकदा असे दोन वेळा आकडे घ्यावेत आणि फरक काढावा. त्या दोन तासांत कोणी काय केले ते स्पष्ट दिसते. आणि चार संस्थांनी चार वेगवेगळी वापरकर्ता नावे घेतलेली असली तर कोणाचा वाटा किती तेही दिसते. ज्या सामायिक सर्व्हरवर सर्वजण एकाच नावाने आत शिरतात तेथे हा हिशेब करणे फार कठीण होते. वेगळी नावे घ्यायला एक पैसाही लागत नाही, तरी आळसामुळे हे राहून जाते.

आमच्या यादीत सर्वांत वर काय निघाले? कॉलेजचा अहवाल नव्हेच. तो दिवसाच्या हिशेबात कोठेतरी खाली होता आणि सकाळच्या हिशेबात तर नव्हताच. सर्वांत वर होती एक अगदी साधी क्वेरी: "या वापरकर्त्यासाठी न वाचलेल्या सूचना किती?" पडद्याच्या कोपऱ्यात सूचनांची घंटा आणि तिच्यावर एक आकडा असतो ना, तो आकडा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने तो दर अर्ध्या मिनिटाला ताजा होईल अशी व्यवस्था केली होती. चारही संस्थांतील प्रत्येक शिक्षक, प्रत्येक लिपिक, ज्याचा ज्याचा पडदा उघडा आहे त्याच्याकडून दर अर्ध्या मिनिटाला हा प्रश्न सर्व्हरकडे जात होता. सुरुवातीला सूचना थोड्या होत्या, म्हणून कळले नाही. जुन्या सूचना कोणी पुसल्या नाहीत, त्या साठत लाखांच्या घरात गेल्या. आणि ज्याच्यासाठी सूचना आहे त्या रकान्यावर इंडेक्स नव्हता. प्रत्येक वेळी पूर्ण रजिस्टर पहिल्या पानापासून वाचले जात होते. उत्तर काय? बहुधा एकच आकडा, आणि तोही शून्य.

मित्रहो, ही क्वेरी कोणत्या संस्थेची होती? चौघींची. म्हणूनच चौघींनाही ती दिसली नाही.

दुसऱ्या क्रमांकावर जी क्वेरी निघाली तिच्याविषयी जरा विस्ताराने बोलणे मला आवश्यक वाटते, कारण तिचा संबंध आपल्या नावांशी आहे. ती होती नावावरून विद्यार्थी शोधण्याची. आपल्याकडे एकच नाव किती प्रकारांनी लिहिले जाते पाहा. मोहम्मद, मुहम्मद, महंमद, मोहंमद. कोणी नुसतेच 'मो.' लिहितो. शेख आणि शैख. सय्यद आणि सैय्यद. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे, आधारवर तिसरे. लिपिकाला हे अनुभवाने माहीत असते, म्हणून तो पूर्ण नाव टाकतच नाही. तो मधलाच तुकडा टाकतो, 'हम्मद', आणि ज्या ज्या नावात तो तुकडा कोठेही असेल ती सर्व नावे मागतो. शब्दकोशात शब्दाची पहिली अक्षरे ठाऊक असली तर पान लगेच सापडते. परंतु "ज्याच्या मध्यभागी 'हम्म' आहे असे सर्व शब्द काढा" म्हटले तर शब्दकोश कितीही उत्तम लावलेला असला तरी सगळा वाचावा लागेल. साधा इंडेक्स तेथे निरुपयोगी ठरतो.

बरे, आडनावावर इंडेक्स केला तर? ज्या शाळेत निम्मी मुले शेख, खान, पठाण, सय्यद अशा मोजक्या आडनावांची आहेत, तेथे 'शेख' म्हणून विचारले तर हजारो नोंदी हाती येतात. डेटाबेस क्वेरी चालविण्यापूर्वी कोणत्या मार्गाने गेल्यास कष्ट कमी पडतील याचा अंदाज बांधतो. ही पद्धत आय.बी.एम. मधील पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडली आणि आजही तिचाच वंश चालू आहे. त्या अंदाजात सूचीने वाचणे महाग दिसले तर डेटाबेस सूची असूनही ती बाजूला ठेवतो आणि सरळ सगळे रजिस्टर वाचतो. त्याचे चुकत नाही.

मग उपाय काय? जन्मतारीख आणि आडनाव या दोहोंवर मिळून इंडेक्स करावा आणि शोधाच्या पडद्यावर जन्मतारीख विचारावी. एका जन्मतारखेचे शेख फार तर दोन-तीन निघतील. पोस्टग्रेसमध्ये तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडून सूची करणारा एक जोडभागही मिळतो; त्याने मधला तुकडाही लवकर सापडतो. यात आणखी एक मौज अशी की, ही नावाने शोधण्याची क्वेरी सर्वांत जास्त वेळा ज्या संस्थेकडून येत होती, तीच बैठकीत सर्वांत मोठ्याने बोलली होती. आम्ही ते अहवालात लिहिले. बैठकीत मात्र त्याचा उच्चार कोणी केला नाही, आणि ते बरेच झाले.

यादीत न दिसणारे दोषीही असतात, त्यांचाही उल्लेख करायला हवा. समजा, एका लिपिकाने गुणपत्रकाचे रजिस्टर लिहिण्यासाठी उघडले, दोन ओळी लिहिल्या आणि ते तसेच उघडे ठेवून तो जेवायला गेला. मागे दहा जण ताटकळत उभे. आता मंद कोण दिसणार? ताटकळणारे दहा जण. जेवायला गेलेला माणूस तर काहीच काम करीत नाही, त्याच्या नावावर क्षणाचाही खर्च नाही. डेटाबेसमध्ये हे कुलपांमुळे घडते. प्रोग्रामने व्यवहार उघडला, एक नोंद बदलली, आणि तो पक्का करण्याआधी पालकांना एस.एम.एस. पाठविण्यात तो गुंतून राहिला, की त्या नोंदीवर ज्यांना लिहायचे आहे ते सर्व थांबतात. मायएसक्यूएलमध्ये असे थांबणाऱ्याला मूळ मांडणीनुसार ५० सेकंद वाट पाहावी लागते, मग चूक म्हणून त्याला परत पाठवितात. म्हणून वहीबरोबरच आत्ता या क्षणी कोण जोडलेले आहे आणि कोण कोणाला अडवून बसला आहे, हे दाखविणारे तक्तेही पाहावे लागतात. वहीत नोंद होते ती क्वेरी संपल्यावर. जी अजून चालूच आहे ती वहीत नसते, ती या तक्त्यातच दिसते.

पालकांपैकी काहीजण विचारतील, की हे दोष दोन वर्षांपासून होते तर त्रास एकाएकी का सुरू झाला? रांगेच्या गणितात याचे उत्तर आहे. सर्वांत साध्या नमुन्याचा हिशेब असा: सर्व्हर निम्मा भरलेला असेल तर काम उरकायला एकट्याला लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट वेळ लागतो. ८० टक्के भरला की पाचपट. ९० टक्के भरला की दहापट. ९५ टक्क्यांवर वीसपट. म्हणजे निम्म्यापासून ८० पर्यंत जाताना वापरणाऱ्याला विशेष जाणवत नाही, आणि शेवटच्या थोड्याशा वाढीने सर्व काही थिजून जाते. त्या वेळी जो शेवटी आला असेल त्याच्याकडे सर्वांचे बोट जाते. कॉलेजने रेकॉर्ड चढविले ते याच सुमारास, इतकाच त्याचा संबंध.

उपाय करणे तपासाच्या मानाने सोपे गेले. सूचनांच्या टेबलावर वापरकर्ता आणि वाचले-न वाचले या दोन रकान्यांचा मिळून एक इंडेक्स केला. आधी एक्स्प्लेन ही आज्ञा देऊन पाहिले. क्वेरी प्रत्यक्ष न चालविता डेटाबेस कोणत्या मार्गाने जाणार आहे ते ती सांगते. पूर्ण टेबल वाचण्याच्या जागी इंडेक्स आलेला दिसला, तेव्हा दुपारी गर्दी ओसरल्यावर तो खऱ्या सर्व्हरवर लावला. घंटेचा आकडा अर्ध्या मिनिटाऐवजी पाच मिनिटांनी ताजा होईल असे केले. दुसऱ्या दिवशी दहा ते बारा पुन्हा दोन वेळा आकडे घेतले आणि ती क्वेरी यादीत खाली कोठेतरी गेली. वेगळ्या सर्व्हरचा ठराव पुढे कोणी काढला नाही. कॉलेजचे अर्ज त्याच सर्व्हरवर त्या हंगामात भरले गेले.

मात्र ज्या विद्यार्थ्यांना हे ऐकून सर्व रकान्यांवर इंडेक्स करण्याची इच्छा होईल त्यांना सावध करतो. प्रत्येक नवी नोंद लिहिताना सर्व सूच्यांतही तिची भर घालावी लागते. दहा सूच्या केल्या तर वाचणे जलद होईल आणि प्रवेशाच्या दिवशी लिहिणे मंदावेल. ज्या क्वेरीचा वाटा मोजून मोठा ठरला आहे तिच्यासाठीच सूची करावी.

अजून एक सावधगिरी आहे, आणि तिला मी तांत्रिक म्हणत नाही. पूर्ण क्वेरींच्या नोंदवहीत विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, मोबाइल नंबर, कोणाची फी बाकी आहे, हे सर्व जसेच्या तसे उतरते. चार संस्थांच्या सर्व्हरवर ती वही उघडणारा माणूस चार संस्थांच्या घरातले पाहत असतो. म्हणून अर्धा तास झाला की मर्यादा पूर्ववत करावी, सांगाड्यांची यादी तेवढी ठेवावी आणि मूळ वही पुसून टाकावी. बैठकीपुढेही सांगाडेच ठेवावेत. आम्ही तसेच केले. माझ्या मते, तपास करणाऱ्याने चौघींचा विश्वास मिळविला तो इंडेक्समुळे जितका, तितकाच यामुळे.

आता दोन शब्द विद्यार्थ्यांसाठी. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे दोन्ही डेटाबेस विनामूल्य मिळतात आणि साध्या संगणकावर चालतात. शाळेच्या संगणक कक्षात शिक्षकांच्या परवानगीने एक बसवून घ्या. खऱ्या विद्यार्थ्यांची नव्हे, मनाने रचलेल्या नावांची लाखभर नोंदींची टेबल तयार करा. जन्मतारखेवर एक शोध इंडेक्सशिवाय करा आणि लागलेला वेळ वहीत लिहा. मग इंडेक्स करून तोच शोध पुन्हा करा. दोन्ही वेळा एक्स्प्लेनचे उत्तर उतरवून घ्या. नंतर नावाचा मधला तुकडा टाकून पाहा. हे एका दुपारचे काम आहे. दहावी-बारावीच्या मुलामुलींना ते सहज जमते, त्यासाठी मोठी पदवी लागत नाही. पुढे या क्षेत्रात नोकरी करायची असेल तर मुलाखतीत असे अनुभव फार उपयोगी पडतात. "मी वेळ मोजला आणि असा फरक पडला" असे सांगणारा उमेदवार आम्हाला क्वचितच भेटतो. विशेषतः मुलींना सांगतो की, सर्व्हर सांभाळण्याचे बरेचसे काम दुरून करता येते आणि अनेक ठिकाणी तसेच केले जाते.

आणि पालकांना एक विनंती. संस्थेच्या सभेला आपण येता तेव्हा फी आणि निकाल विचारता, ते योग्यच आहे. एकदा हेही विचारा, की आपला सर्व्हर कोणाबरोबर सामायिक आहे, मंद क्वेरींची नोंद ठेवली जाते का, आणि ठेवली जात असेल तर मर्यादा किती सेकंदांची आहे. उत्तर "दहा" असे आले, तर पुढचा प्रश्न काय विचारायचा ते आता आपणांस माहीत आहे.

चहाच्या वेळेत ज्या विद्यार्थ्यांना एक्स्प्लेनचा नमुना प्रत्यक्ष पाहायचा असेल त्यांनी संगणक कक्षात यावे. मी तेथे एक टेबल तयार करून ठेवली आहे.